पाकिटात काय आहे ते लिहा

(जिल्हा मेळाव्यात महिला आघाडीच्या सत्रात झालेले भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावाची चर्चा झाली, ज्वारीची झाली, वीजबिलाची झाली. आता मी जो विषय मांडणार आहे त्याचे नाव काढले की मांडवातले निम्मे भाऊ चहाला उठतात. त्यांना माझी विनंती आहे, बसा. चहा मांडवात येईल. विषय तुमच्या घरातला आहे, तुमच्या खिशातला आहे, आणि थोडा विचार केलात तर तुमच्या कापसाचाही आहे.

विषय आहे बायकांनी पाळीच्या दिवसांत वापरायच्या पॅडचा. ते कशाचे बनते, त्यात काय घालतात, आणि ते आपल्याला कोणी का सांगत नाही, याचा.

मी या विषयाकडे कशी आले ते दोन शब्दांत सांगते. वेचणीच्या दिवसांत माझ्या सुनेला मांडीला आणि जांघेत पुरळ उठले. सकाळी सातला शेतात गेलेली बाई सांजेला घरी येते. मध्ये पॅड बदलायला ना आडोसा, ना पाणी. मला वाटले घामाने झाले असेल. तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी विचारले, "कोणते पॅड वापरतेस? त्यात काय असते?" सुनेने पिशवीतून पाकीट काढून दिले. डॉक्टरीणबाईंनी ते उलटे केले, सुलटे केले. किंमत होती, नग किती ते होते, तारीख होती, कंपनीचा पत्ता होता, हसणाऱ्या मुलीचा फोटो होता. आत काय आहे ते कुठेच नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कशाने झाले हे मी कसे सांगू? यात काय आहे तेच मला माहीत नाही."

पुरळ दुसरे पॅड वापरल्यावर गेले. त्या पॅडनेच ते झाले होते असे मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, आणि ते ठाऊक होण्याची सोयच ठेवलेली नाही, हीच माझी तक्रार आहे.

विषाच्या बाटलीवर लिहितात, पॅडवर नाही

भावांनो, कृषी केंद्रातून फवारणीचे औषध आणता त्या बाटलीवर काय असते? रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. औषधाचे शास्त्रीय नाव असते, त्याचे प्रमाण असते, विषबाधा झाली तर उतारा काय तो असतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनी ते लिहायला भाग पाडले आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल सगळे लिहिलेले असते. अंगाच्या साबणावर, तोंडाला लावायच्या पावडरीवर घटक लिहिलेले असतात.

आणि पॅडवर? वजनमापाचे नियम म्हणतात की नग किती, किंमत किती, कोणी बनवले, केव्हा बनवले हे छापा. आत काय घातले ते छापा असे ते म्हणत नाहीत. ज्या वस्तूचा शरीराच्या सगळ्यात नाजूक जागेशी दिवसभर संबंध येतो, तिच्याबद्दल बिस्किटाइतकीही माहिती नाही.

आपण शेतकरी, हिशेब मांडून बोलू. एका पाळीला १५ पॅड धरा. वर्षाला १२ पाळ्या, म्हणजे १८० पॅड. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ३५ वर्षे धरा. एका बाईच्या आयुष्यात ६,३०० पॅड. एका पॅडमध्ये एखाद्या रसायनाचा अंश किती, तर अगदी थोडा, असे कंपनी सांगेल आणि ते खरेही असेल. पण त्या थोड्याला ६,३०० ने गुणायचे की नाही? त्या जागेची त्वचा हाताच्या किंवा पाठीच्या कातडीसारखी जाड नसते, रसायने तिच्यातून जास्त सहज आत शिरतात. एका फवारणीने काही झाले नाही म्हणून आपण जन्मभर तोंड न बांधता फवारायचे का?

कापसासारखे, पण कापूस नाही

आता पॅड उघडून पाहू. मी घरी कात्रीने कापून पाहिले आहे, तुम्हीही पाहा. अंगाला लागतो तो वरचा पांढरा पदर बहुतेक पॅडांत प्लास्टिकच्या धाग्याचा असतो. त्याच्या खाली जो कापसासारखा भुगा निघतो तो बहुतेक वेळा कापूस नसतोच. तो लाकडाचा लगदा असतो. जगात हा लगदा सर्वांत जास्त अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पाइनच्या झाडांपासून बनतो. त्या भुग्यात साखरेसारखे बारीक दाणे सापडतील, पाणी टाकले की फुगून जेलीसारखे होतात. ते ओल शोषणारे रासायनिक दाणे. सगळ्यात खाली प्लास्टिकचा कागद, आणि हे सगळे धरून ठेवायला डिंक. काहींत वरून अत्तर.

आणि पाकिटावर, जाहिरातीत शब्द काय असतो? "कापसासारखे मऊ." भावांनो, ज्या जिल्ह्यात पऱ्हाटीशिवाय दुसरे पीक डोळ्यांना दिसत नाही, त्या जिल्ह्यातल्या लेकींच्या अंगाला कापसाच्या नावाने प्लास्टिक लागते आणि परदेशातल्या लाकडाचा भुगा लागतो. आपल्या घरात कापूस भावाची वाट बघत पडलेला असतो, आणि त्याच घरातली मुलगी दुकानातून कापसाचे नाव विकत आणते.

प्लास्टिक वाईटच, लाकूड वाईटच, असे माझे म्हणणे नाही. त्या वस्तूने बायकांची सोय झाली आहे. मी स्वतः जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात लपवून वाळवल्या, कुबट वासाच्या पुन्हा वापरल्या. त्या दिवसांत परत जा असे मी एकाही मुलीला सांगणार नाही. सरकारच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के मुलींनी पॅड वापरतो असे सांगितले. कापड वापरणाऱ्याही ५० टक्के होत्या, म्हणजे अनेकजणी दोन्ही वापरतात. इतका मोठा बाजार उभा राहिला. ज्या बाजारात इतकी गिऱ्हाइके आहेत, त्या बाजारात माल दाखवायला दुकानदार घाबरतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

तपासले तेव्हा काय सापडले

दिल्लीत टॉक्सिक्स लिंक नावाची संस्था आहे. २०२२ मध्ये त्यांनी आपल्या देशातल्या बाजारातून दहा पॅड घेतली आणि प्रयोगशाळेत तपासली. दहाच्या दहा पॅडांत थॅलेट नावाची रसायने सापडली. थॅलेट म्हणजे प्लास्टिक लवचिक करण्यासाठी वापरतात ती द्रव्ये. शरीरातल्या संप्रेरकांच्या, म्हणजे पाळी, गर्भ, वाढ हे सगळे चालवणाऱ्या द्रव्यांच्या, कामात ती ढवळाढवळ करू शकतात. म्हणून युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांवर बंदी आली, आणि २०२० च्या जुलैपासून त्यांतली चार थॅलेटे घरगुती वापराच्या वस्तूंत हजार भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाहीत. त्याच दहा पॅडांत उडून जाणारी सेंद्रिय रसायनेही सापडली. ही रंगात, डिंकात, अत्तरात असतात. आणि या दहांत "ऑरगॅनिक" म्हणून जास्त पैसे घेऊन विकलेली पॅडही होती. त्यांतही सापडली.

अमेरिकेत २०२४ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी टॅम्पॉन तपासले. टॅम्पॉन म्हणजे शरीराच्या आत ठेवायचा बोळा. त्यांनी ३० टॅम्पॉन पाहिले, त्यांत शिसे आणि आर्सेनिकसुद्धा निघाले. साध्या मालात शिसे जास्त, ऑरगॅनिक मालात आर्सेनिक जास्त. हे धातू आले कुठून? एक शक्यता अशी की कापसाच्या झाडाने ते जमिनीतून आणि पाण्यातून ओढले. दुसरी अशी की कारखान्यात आले. ते शरीरात शिरतात की नाही हे त्या तपासणीने ठरले नाही, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. मीही तुम्हाला तेवढेच सांगते. सापडले एवढे खरे. अपाय किती, ते ठरायचे आहे.

कोणी म्हणेल, ताई, अपाय सिद्ध होईपर्यंत कशाला ओरडायचे? त्याला उत्तर म्हणून दोन देशांच्या गोष्टी सांगते.

एक ओळ छापायला दहा वर्षे

पहिली अमेरिकेची. १९८० साली तिथे तरुण बायका अचानक तापाने फणफणायच्या, अंगावर लाल चट्टे यायचे, रक्तदाब कोसळायचा, आणि काही दगावायच्या. त्या एका वर्षात पाळीशी संबंधित आठशेहून जास्त रोगी आणि ३८ मृत्यू नोंदले गेले. शोध घेतल्यावर दिसले की जास्तीत जास्त ओल शोषणारे टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांना हा धोका अधिक. त्यांतला सगळ्यात बदनाम झालेला माल कंपनीने सप्टेंबर १९८० मध्ये बाजारातून परत घेतला. त्या मालात कृत्रिम फेस आणि ओल शोषणारे रसायन होते. जंतू वाढायला त्याने मदत होते, हे त्या बायकांना कोणी सांगितले नव्हते.

मग डॉक्टरांनी सांगितले, कमीत कमी शोषणारा बोळा वापरा. पण कमी कोणता आणि जास्त कोणता? एका कंपनीचा "रेग्युलर" दुसऱ्या कंपनीच्या "सुपर"पेक्षा जास्त शोषायचा. सगळ्यांनी एकाच मापाने शोषण मोजून पाकिटावर छापावे, एवढा साधा नियम तिथल्या सरकारने १९८९ मध्ये केला आणि १९९० मध्ये तो लागू झाला. माणसे मेली १९८० मध्ये. एक ओळ छापायला दहा वर्षे लागली. घटकांची यादी छापण्याचा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये. व्हर्माँट नावाच्या छोट्या राज्याने २०२४ मध्ये थॅलेटसह काही रसायने पाळीच्या वस्तूंत घालायलाच बंदी करणारा कायदा केला.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाची. २०१७ च्या मार्चमध्ये तिथल्या बायकांच्या एका पर्यावरण संघटनेने विद्यापीठात दहा पॅड तपासून घेतली. त्यांतही उडून जाणारी रसायने निघाली. त्या ऑगस्टमध्ये एक विशिष्ट पॅड वापरणाऱ्या हजारो बायका पुढे आल्या. कोणी म्हणाली पाळी कमी झाली, कोणी म्हणाली अनियमित झाली. कंपनीने विक्री थांबवली आणि पैसे परत केले. सरकारने ६६६ प्रकारचा माल तपासून सांगितले की प्रमाण घातक नाही. म्हणजे अपाय सिद्ध झाला नाही. तरीसुद्धा ऑक्टोबर २०१८ पासून कोरियात पॅडच्या पाकिटावर सगळे घटक छापणे सक्तीचे झाले.

यातली मेख लक्षात घ्या. एखादी वस्तू बंद करायची तर अपाय सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध करणे अवघड असते, त्याला वर्षे लागतात. पण वस्तूत काय आहे ते लिहा म्हणायला काहीच सिद्ध करावे लागत नाही. मी पैसे मोजते, मी विचारते, तू सांग. एवढे पुरे आहे.

मग आपण सरकारकडे का जायचे?

आता आपल्या आंदोलनातल्या कार्यकर्त्यांचा प्रश्न. तो मला या मांडवाबाहेर एका तरुणाने विचारला, आणि तो खरा प्रश्न आहे. तो म्हणाला, "ताई, आपण जन्मभर सांगत आलो की सरकारने शेतकऱ्याच्या बाजारातून हात काढावा. लायसन्स नको, परमिट नको, इन्स्पेक्टर नको. आणि आज तुम्ही नवा इन्स्पेक्टर मागता?"

भावांनो, मी इन्स्पेक्टर मागत नाही. आठवा, एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर बोंडात बोटे घालायचा आणि ग्रेड सांगायचा. कशावरून, ते सांगायचा नाही. आपण काय मागितले? काटा समोर ठेवा, मोजमाप डोळ्यांसमोर करा. आजही खरेदी केंद्रावर आपल्या कापसाची ओल मोजतात. आठ टक्क्यांवर गेली की भाव कापतात, बाराच्या पुढे गेली की गाडी परत. आपला माल विकताना एकेका टक्क्याचा हिशेब देतो आपण. मग आपल्याला माल विकणाऱ्याने आपल्याला काहीच सांगायचे नाही, हा कुठला खुला बाजार? खुला बाजार म्हणजे दोन्ही बाजूंनी काटा दिसला पाहिजे. झाकल्या मुठीने भाव ठरवतो त्याला बाजार म्हणत नाहीत.

आणि हा हक्क कायद्यात आहेच. १९८६ च्या ग्राहक कायद्यात होता, त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क. आपण तो वापरला नाही इतकेच.

सरकारने काय केले तेही सांगते. पॅडसाठी भारतीय मानक पहिल्यांदा १९६९ साली झाले. १९८० मध्ये सुधारले, पुन्हा २०१९ मध्ये सुधारले. ओल किती शोषावी, आम्लता किती असावी, जंतू नसावेत, त्वचेला खाज येऊ नये, हे त्यात आहे. थॅलेटची मर्यादा त्यात नाही. आणि वर्षानुवर्षे ते मानक पाळणे कंपनीच्या मर्जीवर होते. २०२३ मध्ये केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने पॅड आणि बाळांचे डायपर यांच्यासाठी ते सक्तीचे करणारा आदेश काढला, आणि मग अंमलाच्या तारखा पुढे ढकलल्या.

पुढे का ढकलल्या? त्यात एक कारण आपल्या घरचे आहे, आणि ते मी लपवणार नाही. गावागावांत बचत गटांच्या बायका पॅड बनवतात. २०१८ च्या ८ मार्चला राज्याने अस्मिता योजना काढली, शाळकरी मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, आणि वाटपाचे काम बचत गटांकडे. असे मशीन घेतलेल्या गटाला उद्या कोणी म्हणाले, प्रत्येक मालाची तपासणी करून आणा, शिक्का आणा, तर तिचा खर्च त्या बायकांना परवडायचा नाही. मोठी कंपनी तो खर्च एका दिवसाच्या जाहिरातीत काढील. मग कायदा झाला बायकांच्या आरोग्यासाठी आणि बुडाल्या बायकाच, असे होईल. आपण हे अनेकदा पाहिले आहे. कायदा मोठ्यासाठी लिहितात आणि वरवंटा लहानावर फिरतो.

यावर माझे म्हणणे असे. गटातल्या बाया रसायन बनवत नाहीत. त्या वरचा पदर, भुगा आणि डिंक व्यापाऱ्याकडून विकत घेतात. तेव्हा जो पदर, जो डिंक बनवतो त्यानेच लेखी द्यावे की यात काय आहे आणि काय नाही. तपासणी तिथे व्हावी, एकदा, कारखान्याच्या दारात. गटाने ती चिठ्ठी पाकिटावर उतरवावी. याला खर्च छपाईचा. यात कोणाचे मशीन बंद पडत नाही.

लेबल वाचणारे डोळेही हवेत

आता आपलीच चूक पदरात घेऊ. बाटलीवर त्रिकोण असतो असे मी मघाशी म्हणाले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. त्या बाटल्यांवर त्रिकोण नव्हता का? होता. पण माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत, पंपावरच्या मजुराच्या हातात ते कधी गेलेच नाही, आणि कशात काय मिसळायचे ते दुकानाच्या काउंटरवर तोंडी ठरले. तेव्हा नुसते लेबल म्हणजे सुटका नव्हे. लेबल मराठीत हवे, मोठ्या अक्षरात हवे, आणि वाचायची सवय आपल्याला हवी.

नुसती बंदीही पुरत नाही. तोंड गोरे करायच्या मलमात पारा घालायला आपल्याकडे मनाई आहे. तरी २०२२ मध्ये अकोल्यात एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशा मलमाने बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा मलमात पारा निघाला. कागदावर बंदी, बाजारात डबी. म्हणून मी म्हणते, आधी उघड लिहायला लावा. लिहिलेले खोटे निघाले तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो आणि त्याला धरता येते. काहीच लिहिले नाही तर धरायचे कुठे?

आणि आणखी एक गोष्ट कापूसवाल्या भावांसाठी. उद्या आपण म्हणू की खऱ्या कापसाचे पॅड बनवा, आमच्या रुईला गिऱ्हाईक मिळेल. जरूर म्हणू. पण मग गिऱ्हाईक विचारील, तुमच्या कापसावर काय काय मारले? बोंड मिटलेले असते तोवर रुई आत झाकलेली असते, पण बोंड फुटल्यावर केलेली फवारणी थेट रुईवर पडते. आपण दुसऱ्याचे पाकीट उघडायला निघालो आहोत, तर आपले गाठोडेही उघडे ठेवण्याची तयारी हवी. मला त्याची भीती वाटत नाही. प्रामाणिक मालाला उघड्या बाजारात भाव मिळतो, हेच तर आपण इतकी वर्षे सांगत आलो.

मी सरकारला असे सांगणार नाही की पॅडमध्ये कापूस सक्तीचा करा. सक्तीने मिळालेले गिऱ्हाईक आपल्याला नको. एवढेच सांगायचे, की ज्यात कापूस नाही त्यावर कापसाचे नाव आणि बोंडाचे चित्र नको.

शेवटी वापरलेल्या पॅडचे काय होते तेही बघा. नाल्यात जाते, बांधावर जाते, गुरे तोंड घालतात. चुलीत किंवा उकिरड्यावर जाळले तर प्लास्टिकचा विषारी धूर जाळणाऱ्या बाईच्याच नाकात जातो. २०१६ च्या कचरा नियमांत कंपन्यांना सांगितले होते की टाकण्यासाठी वेगळी पिशवी द्या. तुमच्या गावात ती किती जणींना मिळाली, हात वर करून सांगा. (सभेत फार थोडे हात वर झाले.) बघा.

काय करायचे

मी पाच मागण्या मांडते. मान्य असतील तर ठराव म्हणून जाऊ द्या.

एक. पॅड, बाळांचे डायपर आणि अशा सर्व वस्तूंच्या पाकिटावर प्रत्येक थराचा घटक, अत्तर आणि डिंकासकट, मराठीत छापला पाहिजे.

दोन. थॅलेटसारख्या ज्या रसायनांवर इतर देशांनी मर्यादा घातली, त्यांची मर्यादा भारतीय मानकात आली पाहिजे.

तीन. तपासणीची जबाबदारी कच्चा माल बनवणाऱ्यावर असावी, बचत गटावर नसावी.

चार. सरकारी पैशातून जे पॅड शाळेत आणि गावात वाटले जातात, त्यांचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

पाच. कापूस नसलेल्या मालावर कापसाचे नाव चालणार नाही.

आणि सरकारची वाट न बघता करायचे काम. प्रत्येक गावातल्या बाईने घरातले रिकामे पाकीट फेकू नये. त्यावर कंपनीचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर एक साधे पत्र टाका: "मी तुमची गिऱ्हाईक आहे. यात काय आहे ते मला लेखी कळवा." उत्तर आले तर ते, आणि नाही आले तर रिकामे पाकीट, पुढच्या मेळाव्याला घेऊन या. ती पाकिटे आपण टेबलावर मांडू. कोणी सांगितले आणि कोणी सांगितले नाही, हे सगळ्यांना दिसेल. न सांगणाऱ्याचा माल घ्यायचा की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

भावांनो, तुम्हाला एकच काम सांगते. बाजाराच्या दिवशी दुकानदार पॅडचे पाकीट काळ्या पिशवीत किंवा पेपरात गुंडाळून देतो, जणू चोरीचा माल. पुढच्या बाजाराला तुम्ही स्वतः जा, पाकीट मागा, आणि गुंडाळू देऊ नका. दुकानातच उलटे करा, वाचा आणि विचारा, "यात काय आहे?" घरातल्या बाईला जे विचारायला लाज शिकवली, ते तुम्ही चारचौघांत विचारलेत तर अर्धी लढाई तिथेच झाली.

ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.

(ठराव हात वर करून संमत झाला.)

आता चहा घ्या.